आवाजातला भाव

"ते भावाचं राहू द्या हो. आईंचे गुडघे कसे आहेत, ते आधी सांगा," फोनवर काका म्हणाले, आणि खरेदीबाईंनी समोरच्या कागदावर ठळक अक्षरांत लिहिलं: थांबा.

कागद त्यांनी टेबलापलीकडे बसलेल्या मालकांकडे सरकवला. मालकांनी तो वाचला, पेनाला टोपण लावलं आणि दोनशे साठ रॅमच्या खरेदीचा कागद सही न करताच ड्रॉवरमध्ये टाकला. बाई मात्र आईच्या गुडघ्यांबद्दल तपशीलवार बोलत राहिल्या. डावा बरा आहे, उजवा जिना चढताना त्रास देतो. पलीकडून काका हं हं करत ऐकत होते. त्यांना कसलीच घाई नव्हती, आणि बाईंना नेमकं तेच हवं होतं.

टायरच्या दुकानावरच्या तीन खोल्यांत ही कंपनी होती. लोकांच्या ऑर्डरीप्रमाणे कॉम्प्युटर जोडून द्यायचे, बिघडले तर दुरुस्त करायचे. मालक धरून अकरा माणसं. त्यात सुटे भाग विकत घ्यायचं काम गेली बावीस वर्षं या बाईंकडे होतं, म्हणून सगळे त्यांना खरेदीबाई म्हणत. रोज सकाळी दहा वाजता त्या चष्मा पुसायच्या, पाण्याचा घोट घ्यायच्या आणि घाऊक व्यापाऱ्यांना एकामागून एक फोन लावायच्या. त्यातले सगळ्यात जुने व्यापारी काका. बावीस वर्षांत बाईंनी त्यांना एकदाही पाहिलं नव्हतं. बिलं टपालानं यायची, माल टेम्पोनं यायचा आणि काका तारेतून यायचे.

कॉम्प्युटरचे बाकीचे भाग तसे गुणी. कीबोर्ड, कॅबिनेट, पंखा यांचे भाव वर्षभर सांगितल्या जागी बसून असतात. रॅमचं तसं नाही. वीतभरही लांबी नसलेली ती मेमरीची हिरवी पट्टी, पण नखरे सतराशे साठ. आज अठराशेला मिळेल, दोन महिन्यांनी अडीच हजारांना मिळणार नाही, आणि वर्षभरानं अकराशेला घ्या म्हणून व्यापारी मागे लागेल. बाईंच्या नवऱ्याला हे मुळीच पटायचं नाही. तो बस डेपोत टाइमकीपर होता, आणि जगातली कुठलीही गोष्ट वेळापत्रकाबाहेर गेली की त्याला अपचन व्हायचं. असं का होतं, म्हणून त्यानं एकदा विचारलं, तेव्हा बाईंनी त्याला बिल्डिंगच्या पाण्यावरून समजावलं होतं.

"उद्या पाणी येणार नाही अशी नुसती कुजबुज झाली, की आपल्याकडे काय होतं? जो तो बादल्या, पातेली, बाटल्या भरून ठेवतो. दुपारीच टाकी रिकामी. मग पाणी खरंच जातं, सगळे बोंबलतात आणि सेक्रेटरी दुसरी टाकी बांधायला काढतात. ती होईपर्यंत वर्ष जातं. तोवर ओरड संपलेली असते आणि दोन टाक्या भरून वाहत असतात. मग भरून ठेवलेलं पाणी आपण कुंड्यांना घालतो. रॅमचं हेच आहे. बनवणारे जगात मोजके तीन-चार. कारखाना उभा राहायला दोन-तीन वर्षं. भाव चढला की सगळे एकदम कारखाने काढतात, ते सगळे एकदम सुरू होतात, माल उतू जातो, भाव आपटतो. मग सगळे एकदम हात आखडतात, की आली टंचाई."

"म्हणजे एकही जण वेळेवर नाही," नवरा म्हणाला आणि खिन्न होऊन पेपर वाचू लागला.

कारण कळलं म्हणून दिवस कळतो असं नाही. भाव चढणार की उतरणार हे शेंबड्या पोराला सांगता येईल. कधी, यात खरी मेख आहे. त्यासाठी बाईंकडे त्यांचा कान होता. पहिल्या दोन-तीन वर्षांतच त्यांच्या लक्षात आलं होतं की व्यापारी तोंडानं काय सांगतो ते सोडून द्यावं आणि कसं सांगतो तेवढं ऐकावं. 'माल नाही' म्हणून जो फोन ठेवत नाही, त्याच्याकडे माल आहे. भाव सांगायच्या आधी 'किती हव्यात?' असं जो विचारतो, त्याला चढता भाव दिसू लागलाय. आणि काका तर सोन्याची खाण. भाव चढता असला की त्यांच्या तोंडून आकड्यापलीकडे अक्षर फुटायचं नाही. 'एकवीसशे. संध्याकाळी विचारू नका.' खट्. पण भाव उतरणार असला, गोदामात पट्ट्या पडून राहायची भीती असली, की काकांना जिव्हाळ्याचा पाझर फुटायचा. मुलीची परीक्षा, नवऱ्याचं पोट, आईचे गुडघे, एकेकाची चौकशी व्हायची. जितकी चौकशी लांब, तितकी घसरण मोठी.

एकदा कुठल्या तरी दूरच्या कारखान्याला आग लागली, तेव्हा अख्खा बाजार मिळेल त्या भावानं रॅम उचलत होता. काकांनी त्या दिवशी बाईंना मुलीसाठी कुठलं कॉलेज चांगलं, यावर दहा मिनिटं सल्ला दिला. बाई म्हणाल्या, थांबा. तीन आठवड्यांत भाव कोसळला. त्या एका 'थांबा'तून वाचलेल्या पैशांत कंपनीची तिसरी खोली झाली. मालकांची समजूत अशी की बाई परदेशी बातम्या वाचत असणार. बाईंनी ती खोडून काढली नाही. हे गुपित फक्त नवऱ्याला माहीत होतं, आणि त्याच्या तोंडात तीळ भिजत नसला तरी डेपोत रॅमच्या भावाचं कुणाला काय पडलं होतं?

यंदाची ऑर्डर कंपनीच्या आजवरच्या सगळ्या ऑर्डरींपेक्षा मोठी होती. शाळांसाठी दोनशे साठ कॉम्प्युटर. दर ठरलेला, त्यात बदल नाही. साठ दिवसांत माल पोचवायचा, नाही पोचला तर अनामत जप्त आणि पुन्हा असल्या कामाला उभं करणार नाहीत. भाव अठराशेच्या आसपास घुटमळत होता. घ्यायच्या की थांबायचं, एवढंच मालकांनी विचारलं होतं, आणि काकांनी गुडघ्यांची चौकशी करून उत्तर दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी काकांनी मुलीच्या नोकरीबद्दल विचारलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "बाई, तुम्ही वेळेवर जेवता ना? आपण कामात असतो, पण शरीर हिशोब ठेवतं." आवाज जरा बसका, हळू, मऊ. इतके मऊ काका बाईंनी कधी ऐकले नव्हते. ही घसरण ऐतिहासिक होणार, असं त्यांनी मनाशी बांधलं आणि मालकांना ठामपणे सांगितलं, अजिबात हलू नका.

आठवडाभरात भाव बावीसशे झाला. बाईंना वाटलं, विझायच्या आधी दिवा मोठा होतो तसं असेल. दुसऱ्या आठवड्यात बाकीचे व्यापारी 'किती हव्यात?' विचारू लागले; चढत्या भावाची हीच खूण. काका मात्र तसेच. "काय सांगू बाई, वाढलाय हो फार," असं म्हणून खरा आकडा सांगायचे आणि मग पुन्हा गप्पा. शब्द एक सांगत होते, आवाज दुसरं. बावीस वर्षं बाईंनी अशा वेळी आवाजावर विश्वास ठेवला होता. याही वेळी ठेवला. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी भाव छत्तीसशेला जाऊन बसला.

त्या दिवशी बाईंनी मालकांच्या खोलीचं दार स्वतः लावून घेतलं. म्हणाल्या, चूक माझी आहे, बाजाराची नाही. या भावानं घेतल्या तर प्रत्येक मशीनमागे पदरचे घालावे लागतील. अठ्ठावीसशेच्या वर परवडत नाही, हे दोघांनाही पाठ होतं.

"तुम्ही थांबा म्हणालात, ते कशावरून?" मालकांनी पहिल्यांदाच विचारलं.

बाईंनी सांगितलं. काही लपवलं नाही.

"म्हणजे माझी अकरा माणसं बावीस वर्षं तुमच्या आईंच्या गुडघ्यांवर उभी आहेत?"

मालक ओरडले असते तर बरं झालं असतं. ते उठले, जोडणीच्या टेबलापाशी गेले आणि एका कॅबिनेटचे स्क्रू स्वतःच आवळत बसले. बऱ्याच वेळानं तिथूनच म्हणाले, "मी कधी विचारलं नाही, ही माझीही चूकच. अजून थोडे दिवस हातात आहेत. बघा काय होतंय ते." कमी क्षमतेच्या पट्ट्या घालून वेळ मारून नेऊ, असं ते म्हणाले नाहीत. तसं म्हणणारे मालक असते, तर बाई तिथं बावीस वर्षं राहिल्याच नसत्या.

घरी नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अगं, वेळापत्रक चुकलं तर ड्रायव्हरला जाऊन विचारावं. प्रवाशांना विचारून काय उपयोग?" दुसऱ्या दिवशी सकाळी बाई ऑफिसला न जाता दोन बस बदलून शहराच्या दुसऱ्या टोकाला गेल्या.

इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात तिसऱ्या मजल्यावर, लांबलचक गॅलरीच्या टोकाला काकांचं दुकान होतं. पाटी उतरवून भिंतीला टेकवून ठेवलेली. आत रॅक रिकामे, आणि एक चाळिशीतली बाई खोक्यांना चिकटपट्टी लावत होती. ती काकांची मुलगी, हे नंतर कळलं.

"काका आहेत का?" बाईंनी विचारलं.

मुलगी उत्तर देणार, तेवढ्यात रॅकच्या मागून बसका आवाज आला, "खरेदीबाई! या, या."

नाव सांगायची गरजच पडली नाही. बावीस वर्षं बाईंनी मनात काकांना चांगलं धिप्पाड, भरघोस मिशांचं करून ठेवलं होतं. रॅकमागून निघाला तो पाच फुटांचा, काटकुळा, गुळगुळीत दाढी केलेला म्हातारा. भर उन्हाळ्यात गळ्याला मफलर. त्यांनी बाईंसाठी खुर्ची पुसली आणि आधी विचारलं की जिने चढून दम तर नाही ना लागला.

"बाबा, बोलू नका," मुलगी म्हणाली आणि बाईंकडे वळली. "मंगळवारी ऑपरेशन आहे. स्वरयंत्र काढून टाकणार आहेत. डॉक्टरांनी सांगितलंय, जोरात तर नाहीच, हळूसुद्धा कमीच बोला. पण ऐकतील तर शपथ. तीन आठवडे एकेका गिऱ्हाइकाला फोन लावून गप्पा मारत बसलेत. कुणाला सांगतही नाहीत का ते."

"बोलून घेतोय," काका म्हणाले. "शिल्लक आहे तोवर."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीन आठवडे हा माणूस रोज त्यांची विचारपूस करत होता. त्यांनी प्रत्येक प्रश्नाला मन लावून उत्तर दिलं होतं आणि उत्तर देताना कान लावला होता तो पट्टीच्या भावाकडे. काका, तुम्ही कसे आहात, हे बावीस वर्षांत एकदाही त्यांच्या तोंडून गेलं नव्हतं. आवाज बसलाय हे ऐकू आलं होतं, पण का बसला, हे विचारावंसं वाटलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी येऊ दिलं. मग त्यांनी काकांना सगळं सांगून टाकलं. आकडा सांगून फोन ठेवला की भाव चढणार, चौकशी केली की उतरणार. दोनशे साठ पट्ट्या, शाळांची ऑर्डर, आणि कागदावर लिहिलेलं थांबा.

काका ऐकता ऐकता हसायला लागले. आवाज नाही, नुसते खांदे हलत होते. दुखत असावं, कारण एक हात त्यांनी मफलरवर धरला होता.

"भाव पडला की मी गोड बोलतो?"

"हो."

"मला कुणी कधी सांगितलं नाही."

"घरात सगळ्यांना माहीत होतं," मुलगी खोक्याकडे बघतच म्हणाली. "भाव पडला की बाबा आईला विचारायचे, दमलीस का गं. आई लगेच समजायची, या महिन्यात नवीन पडदे नाहीत."

काकांनी डोळे पुसले. "बावीस वर्षांत पहिल्यांदाच पोटात काही न ठेवता गोड बोललो, तर तेच तुम्हाला महागात पडलं." मग जरा पुढे झुकून म्हणाले, "आता माझं नीट ऐका. आवाज ऐकू नका, शब्द ऐका. हा चढ नेहमीचा नाही. मोठ्या कंपन्या इमारतीच्या इमारती कॉम्प्युटरनी भरताहेत. त्यांची मेमरी वेगळी, पैसे जास्त. कारखाने तिकडे वळलेत, आपल्या पट्टीला कोण विचारतो? पुढे उतरेल, आजवर उतरला नाही असा भाव मी पाहिला नाही. पण तुमचे साठ दिवस त्याला काय माहीत? थांबू नका."

"छत्तीसशेनं घेतल्या तर कंपनी बुडते, काका."

काका उठले. शटरजवळच्या टेबलावरचा फोन पुढे ओढला. मुलगी खोकं सोडून आली आणि तिनं फोनवर हात ठेवला. तो हात काकांनी हळूच उचलून बाजूला केला आणि म्हणाले, एवढं एकच काम. त्या घरातलं हे नेहमीचं भांडण असावं, कारण तिनं नुसता पाण्याचा ग्लास आणून त्यांच्यापुढे ठेवला आणि ती तिथंच उभी राहिली.

आणि मग बाईंनी काकांना काम करताना पाहिलं. कागद नाही, वही नाही. कुणाला कधी किती पट्ट्या कोणत्या भावानं विकल्या, ते सगळं त्या काटकुळ्या माणसाच्या डोक्यात होतं. गल्लीबोळातले छोटे दुकानदार. त्यांनी जुन्या भावानं नेलेल्या दहा, वीस, चाळीस पट्ट्या अजून मांडणीत पडून होत्या. काका एकेकाला फोन लावत होते. आवाज मऊ नव्हता आता. तोच जुना, कोरडा, खट् करून फोन ठेवणारा आवाज त्यांनी कुठून तरी ओढून आणला होता. "मागच्या महिन्यात चाळीस नेल्या होत्यास. विकल्यास सहा. बाकीच्या मला दे. पंचवीसशे." पलीकडचा छत्तीसशेची कहाणी सांगायचा. काका ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "अठराशेला मी दिल्यात तुला. सातशे सुटताहेत, ते घे. जास्त हाव करू नकोस." वाद घालायला कुणाची छाती होत नव्हती. एकानं घातला, तर काका फक्त गप्प राहिले आणि त्या गप्प राहण्यानंच तो हो म्हणाला. विकत घेण्यात उभा जन्म गेलेल्या बाई हात जोडून बसल्यासारख्या बघत होत्या. असं आपल्याला कधी जमलं नाही, आणि जमणारही नाही, हे त्यांना लख्ख दिसत होतं, आणि त्याचं वाईट वाटत नव्हतं.

चौथ्या फोननंतर बाईंनी गॅलरीत जाऊन मालकांना फोनवर विचारलं, पंचवीसशेनं घेऊ का. मालक फक्त म्हणाले, "घ्या." त्या परत आत आल्या तेव्हा काकांचा आवाज शब्दाच्या मध्येच तुटायला लागला होता. मुलगी दर दोन फोनांच्या मध्ये त्यांना पाण्याचा घोट देत होती.

दोनशे तीस झाल्या. तीस राहिल्या. काकांनी नववा फोन लावला, पलीकडून 'हॅलो' आलं, आणि काकांच्या ओठांतून नुसती हवा आली. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा हवा. त्यांनी बाईंकडे बघितलं आणि फोन पुढे केला.

बाईंनी तो घेतला. काकांनी तीन बोटं दाखवली, मग मूठ मिटून शून्य केलं.

"तीस पट्ट्या बाजूला काढा," बाई म्हणाल्या. "पंचवीसशे."

"कोण बोलतंय?" दुकानदार चिडून म्हणाला. "नंबर तर काकांचा दिसतोय. त्यांना द्या फोन. मी सौदा त्यांच्याशीच करतो."

बाईंनी काकांकडे पाहिलं. ते मफलरवर तळवा ठेवून बसले होते. दुसऱ्या हातानं त्यांनी खूण केली, चालू द्या.

"काका इथंच बसलेत. भाव तेच सांगताहेत. त्यांच्या घशाचं मंगळवारी ऑपरेशन आहे, म्हणून आवाज तेवढा माझा आहे."

पलीकडून रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत होते.

"तीस ना? पाठवतो," दुकानदार म्हणाला. "भाव ते म्हणतील तो." आणि मग त्याचा आवाज एकदम खाली आला, मऊ झाला. "मला काही बोलले नाहीत हो ते. परवा अर्धा तास माझ्या पोरीच्या लग्नाचं विचारत होते, आणि मी दुकान उघडं आहे म्हणून फोन ठेवून दिला. फार दुखतंय का त्यांना?"

बाईंनी फोन काकांच्या कानाशी नेला आणि पलीकडचा माणूस बोलायचा थांबेपर्यंत तसाच धरून ठेवला.